पाया खणताना

सन १७८७ मधली गोष्ट आहे. ठाण्याचा किल्ला १७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला होता आणि आत काही नवे बांधकाम चालू होते. पाया खणताना मजुरांच्या कुदळीला ताम्रपट लागले. काम करून घेणाऱ्याने ते भंगारात घातले नाहीत. रामलोचन पंडितांनी ते वाचले आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १७८८ मध्ये आपल्या पहिल्याच ग्रंथात त्याचा अनुवाद छापला. शिलाहार राजा अरिकेसरी याचे ते दानपत्र, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ मधले. कोकणच्या शिलाहारांचा इतिहास जुळवायला जे धागे हाती आले, त्यांतला हा एक अगदी आधीचा. त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.

नवी इमारत आणि जुना इतिहास यांचे जन्माचे वैर नाही, एवढेच मला यातून सांगायचे आहे. खड्ड्यात काय निघाले ते थांबून पाहणारा कोणीतरी हवा.

कायदाही हेच सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली, तर ती कलेक्टरला कळवावी लागते. पण आज ठाण्यात, कल्याणात आणि डोंबिवलीत पाया पोकलेन खणते. माती डंपरमधून रातोरात खाडीकडे जाते. त्या मातीकडे पाहायला सवड कोणाला आहे?

दुसऱ्याला दोष देण्याआधी माझे स्वतःचे सांगतो. कल्याणला पारनाक्याच्या बाजूला आमचा वाडा होता. दिंडी दरवाजा, ओसरी, माजघर, वर कडीपाट आणि ओसरीला चार सागवानी खांब. वारसदार अकरा, गळणारे छप्पर एक. १९९४ मध्ये आम्ही सगळ्यांनी करारावर सह्या केल्या, त्यांत माझीही होती. मी शाळेत इतिहास शिकवत होतो, हे मुद्दाम सांगतो. वाडा उतरवायच्या आदल्या दिवशी माझी काकू बिल्डरच्या माणसाला म्हणाली, ‘‘भाऊ, एक खांब तेवढा नव्या जिन्यापाशी उभा करा हो.’’ तो म्हणाला, ‘‘काकू, तेवढी जागा परवडत नाही.’’ मी शेजारीच उभा होतो. मी काही बोललो नाही.

दोन वर्षांनी इमारत झाली. जिन्यापाशी दोन खांब उभे होते. रोमन पद्धतीचे, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे, सोनेरी रंग दिलेले. म्हणजे जागाही होती आणि पैसाही होता. फक्त आमचा खांब त्यांना कोणी मोलाचा म्हणून सांगितला नव्हता. ते सांगणे माझे काम होते.

खासगी बांधकामात कलेला आणि वारशाला जागा देणे ही परदेशी चैन नव्हे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९५९ मध्ये पुनर्विकासाची जमीन घेणाऱ्या बिल्डरांवर बांधकाम खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखण्याचे बंधन आले. त्याच सुमारास आपल्या मुंबईत होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीसाठी असाच एक टक्का कलेला मिळवला. तिथल्या भिंतीवर हुसेन यांचे भव्य चित्र आहे. मुंबईला १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी नियमावली मिळाली. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल झाला, तरी धुराडे उभे राहिले. तिथे खरेदीला आलेला मुलगा वर पाहून ‘‘बाबा, हे काय?’’ असे विचारतो, तेव्हा बापाला गिरणीची गोष्ट सांगावीच लागते.

आपल्याकडे सांगण्याजोगे कमी आहे का? ठाण्यात १९०० मध्ये वाडिया गिरणी निघाली, १९२५ मध्ये तिचे नाव रेमंड झाले. त्या जमिनीवर २०१९ पासून निवासी मनोरे उभे राहू लागले. कल्याणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी ठाण्याचे कौपिनेश्वराचे देऊळ नव्याने बांधले. दोन्ही शहरे अशी एका माणसाने जोडलेली आहेत. आणि शिल्पकार शोधायला रोमला जायला नको. गेट वे ऑफ इंडियासमोरचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या सदाशिव साठे यांचे शिल्पालय डोंबिवलीतच आहे.

म्हणून माझ्या मागण्या फार नाहीत. जुन्या वस्तीत पाया खणताना चार दिवस तरी एखादा जाणकार खड्ड्यापाशी उभा असावा. जे पाडायचे त्याची मापे आणि छायाचित्रे आधी घ्यावीत. आणि त्यातली एक वस्तू, खांब, चौकट किंवा यंत्राचे चाक, नव्या दारात दोन ओळींच्या माहितीसह ठेवावी. मोठ्या गृहसंकुलात तरी खर्चातला थोडा वाटा इथल्या कलावंताला द्यावा. महापालिकेने नियम केला तर उत्तम. पण सोसायटीच्या करारात हे कलम घालायला नियमाची वाट पाहावी लागत नाही. सही करणारे आपणच असतो.

आमचे चार खांब कुठे गेले, मला ठाऊक नाही. दिंडी दरवाज्याची कडी तेवढी मी पिशवीत घालून आणली होती. ती माझ्या फ्लॅटच्या दाराला लावली आहे. बेल असूनही नातू तीच वाजवतो.