दयेची मुदत

दयेने दिलेली कोठडी शिक्षेच्या कोठडीपेक्षा लांब असू शकते, हे 1897 चा रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्ट वाचताना प्रथम ध्यानात येते.

त्याआधी 1850 चा उमेदवारीचा कायदा होता. दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ वा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलास मॅजिस्ट्रेटने एखाद्या कारागिराच्या हाताखाली करारबद्ध करावे, अशी त्यात सोय होती. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा उभी राहिली तीही याच विचारातून. पुढे 1876 मध्ये सरकारी सुधारशाळांचा कायदा झाला आणि 1897 मध्ये त्याचीच नवी आवृत्ती निघाली.

या कायद्यातला गुन्हेगार म्हणजे पंधरा वर्षांखालील मुलगा. या व्याख्येत मुलगी नाही. कैदेची शिक्षा झालेल्या अशा मुलास तुरुंगाऐवजी सुधारशाळेत धाडता येई. पण किमान तीन वर्षे आणि कमाल सात! पितळी तांब्या चोरणारे पोर तुरुंगातून काही आठवड्यांत सुटले असते. सुधारशाळेत मात्र त्याचे बालपण सरे. कायदा करणाऱ्यांचा हेतू दुष्ट नव्हता. सुतारकाम काही महिन्यांत हातात बसत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. समज देऊन सोडण्याची किंवा पालकांच्या हवाली करण्याची मुभाही कायद्यात होती. ज्यांनी दंडाधिकाऱ्याच्या खुर्चीत काही काळ काढला आहे, त्यांना अशी मुभा कागदावर किती सहज निजून राहते हे सांगावयास नको.

1919-20 च्या तुरुंग समितीनंतर मद्रास, बंगाल आणि 1924 मध्ये मुंबई येथे बालकांचे कायदे झाले. तरीही मुले तुरुंगात राहिलीच. त्यांच्या सुटकेसाठी पत्रकार शीला बारसे यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि 1986 मध्ये देशभरासाठी बालन्यायाचा कायदा आला. 2006 च्या दुरुस्तीने मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे ठरली. 1897 साली जो आकडा तळाशी होता, तो आता माथ्यावर गेला.

2015 च्या कायद्याने मात्र सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी, अतिगंभीर गुन्ह्यांपुरती, वेगळी वाट काढली. मुलाची समज प्रौढाची होती काय, याची प्राथमिक पारख बालन्याय मंडळाने करावयाची, आणि तीही तीन महिन्यांत.