लोखंडाचा गंज आणि मापातला इन्साफ

बांगलादेशात तळ्यांच्या पाण्यातून पटकी आणि हगवण पसरायची. म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीने गावोगावी कूपनलिका खोदल्या गेल्या. १९९३ मध्ये कळले की या पाण्यात आर्सेनिक आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि कोट्यवधी लोक ते पीत होते.

उतारा सापडला तो गंजात. कुष्टियाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांच्या ‘सोनो’ गाळणीत लोखंड गंजते आणि तयार झालेले आयर्न ऑक्साईड आर्सेनिकला धरून ठेवते. २००७ मध्ये या गाळणीला अमेरिकेत १० लाख डॉलरचा ग्रेंजर पुरस्कार मिळाला.

आर्सेनिक धरायचे तर पृष्ठभाग हवा. कण जितका बारीक आणि सच्छिद्र, तितका पृष्ठभाग जास्त. पण नॅनोमीटरची छिद्रे मोजायची कशी?

ही रीतही लोखंडाच्याच अभ्यासातून आली. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत ब्रुनॉवर आणि एमेट अमोनिया बनवण्यासाठी लागणारे लोह-उत्प्रेरक तपासत होते. एडवर्ड टेलर यांच्यासह १९३८ मध्ये त्यांनी ‘बीईटी’ सिद्धांत मांडला. नमुना निर्वातात ठेवून उणे १९६ अंशांपर्यंत थंड करायचा आणि मोजून नायट्रोजन सोडायचा. पृष्ठभागावर एक थर बसायला किती रेणू लागले ते काढायचे. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो, या हिशेबाने क्षेत्रफळ मिळते. छिद्रांच्या आकाराचा हिशेब १९५१ मध्ये बॅरेट, जॉयनर आणि हॅलेंडा यांनी मांडला.

मात्र इथे एक धोका आहे. मोजण्याआधी नमुना तापवून कोरडा करतात. गोएथाइटसारखे ऑक्साईड जास्त तापले की त्यातले पाणी निघून हेमाटाइट बनते आणि नवीच छिद्रे पडतात. मग आकडा फुगतो, पण तो मूळ पदार्थाचा नसतो. शिवाय नायट्रोजन शिरतो त्या प्रत्येक छिद्रात पाण्यातले आर्सेनिक पोहोचेलच असे नाही. अशा आकड्यावर भरवसा ठेवून गाळणी बनवली, तर किंमत पिणारा मोजतो.

कुरआनच्या ५७ व्या सूरहचे नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड. तिच्या २५ व्या आयतीत लोखंडाबरोबर मीज़ानचा, म्हणजे तराजूचाही उल्लेख आहे. त्यात नॅनोविज्ञान शोधायची गरज नाही. लोखंडाचा माणसाला फायदा व्हायचा असेल, तर तराजू खरा हवा. एवढे समजले तरी पुरे.