बाळंतविडा : माहेरचा आणि सरकारचा



बारशाला काय न्यावे, हा प्रश्न इतिहासाच्या व्याख्यानात कशाला, असे कुणी विचारील. पण प्रत्येक भेटीमागे एक हिशेब असतो, आणि हिशेब म्हटला की माझ्यासारख्या युनियनवाल्याचे कान टवकारतात.

आपला बाळंतविडाच घ्या. नाव पाहा, विडा बाळंतिणीचा आहे. डिंक, आळीव, खारीक, सुंठ, बाळंतशोपा हे सारे आईसाठी. बाळासाठी झबली, टोपडी, कुंची, लंगोट आणि जुन्या लुगड्याची दुपटी. जुने लुगडे ही गरिबी नव्हे. शंभरदा धुतलेले सूत कोवळ्या अंगाला टोचत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. वेखंड-मुरुडशेंगेची गुटी मात्र बाजूला ठेवू. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका, असे आज डॉक्टर सांगतात आणि ते ऐकावे. मूल वर्षाचे झाले, भिंत धरून उभे राहू लागले, की सुताराकडून पांगुळगाडा यायचा. तीन चाके आणि धरायला एक आडवी दांडी. मूल स्वतःच्या पायांनी तो ढकलते, म्हणून मला तो आजच्या झुलत्या गाड्यांपेक्षा शहाणा वाटतो.

या यादीत एक गोष्ट लिहिलेली नसे, कारण ती गृहीत होती : विसावा. माहेरी गेलेल्या लेकीला तो मिळे. गिरणगावात तो मिळेना. माहेर राहिले रत्नागिरीला नाही तर साताऱ्याला, आणि खाडा झाला की पगार गेला. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांतल्या बाया बाळंतपणानंतर लवकरच कामावर परतत, आणि मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी चाटवीत. वाइंडिंग खात्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडून हे मी स्वतः ऐकले आहे. सांगताना त्यांचा आवाज खाली जाई. अशा घरी चांदीचे वाळे नेऊन काय होणार?

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली कायदा झाला. माहेर जे देत होते ते आता हक्क म्हणून मागता येऊ लागले. १९६१ साली देशाचा कायदा झाला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांवर गेली. घरोघर धुणी-भांडी करणाऱ्या बाईच्या पदरात मात्र त्यातले काही पडले नाही.

आता थोडे दूर, फिनलंडला जाऊ. १९३० च्या दशकात तो देश गरीब होता. हजारी ६५ च्या आसपास अर्भके वर्षाच्या आत दगावत, जन्मही घटत चालले होते. १९३७ साली तेथे मातृत्व-साहाय्याचा कायदा झाला आणि १९३८ पासून कमी मिळकतीच्या मातांना मदत मिळू लागली : रोख घ्या, नाही तर वस्तूंची पेटी घ्या. पेटी पुठ्ठ्याची. आत बाळाचे कपडे शिवायला कापड, अंथरूण-पांघरूण, आणि तळाशी लहानशी गादी. कपडे काढून घेतले की रिकामी पेटी हाच बाळाचा पहिला बिछाना. युद्धकाळात सुती कापड सैन्याला लागले, तेव्हा काही कपड्यांच्या जागी कागदी आले. पण पेटी बंद पडली नाही.

१९४९ साली ती सर्व मातांना खुली झाली, आणि येथे खरी मेख आहे. चौथा महिना संपण्यापूर्वी डॉक्टरकडे किंवा माता-बाल केंद्रात तपासणी केलेली असेल, तरच पेटी. झबल्याच्या मोहाने बाई दवाखान्याच्या दारापर्यंत आली, असे म्हणा हवे तर. पेटीमुळेच मुले जगली, असा दावा मी करणार नाही. दवाखाने, दाया, अन्न, मजुरी सारेच सुधारत होते. पण श्रीमंताच्या नि मजुराच्या बाळाला तीच पेटी मिळते, त्यामुळे ती घेताना कुणाची मान खाली जात नाही. आमच्या युनियनने आजारी कामगारासाठी वर्गणी काढली की पैसे घेताना त्याचे डोळे जमिनीकडे का वळतात, हे ज्याने पाहिले असेल त्याला या एका कलमाची किंमत कळेल.

पेटीतल्या जिनसा बदलत गेल्या. १९५७ पर्यंत कापडाच्या जागी तयार कपडे आले. १९६९ साली वापरून टाकण्याचे लंगोट आले. २००६ साली ते जाऊन पुन्हा कापडी आले, आणि आईच्या दुधाला उत्तेजन म्हणून दुधाची बाटली काढून टाकली. चित्रांचे एक पुस्तकही असते. कपडे थोडे सैल असतात, वर्षभर अंगाला यावेत म्हणून. आपण मात्र बारशाला तीन महिन्यांत तोकडे होणारे जरीचे झबले नेतो!

२०१३ साली फिनलंडने ही पेटी इंग्लंडच्या राजघराण्यात जन्मणाऱ्या बाळासाठीही पाठवली. २०१७ साली स्कॉटलंडने ती रीत उचलली. आपल्याकडे २०१५ साली तमिळनाडूने सरकारी दवाखान्यांत १६ वस्तूंचा संच द्यायला सुरुवात केली, आणि २०१९ साली महाराष्ट्राने पहिलटकरणींसाठी तशीच योजना काढली. संचाला आपण ‘बेबी केअर किट’ म्हटले. बाळंतविडा हा शब्द सरकारी कागदात कुणाला सुचला नाही.