विक्रांतच्या पोटातली वाफ

यवतमाळहून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र शेकडो मैल दूरच. पण माझी सगळी नोकरी तेल गिरणीत, सरकी शिजवायची वाफ सांभाळण्यात गेली. त्यामुळे विमानवाहू जहाजाच्या गोष्टीत लोक वैमानिक शोधतात, मी बॉयलर शोधतो.

ब्रिटननं अर्धवट सोडलेलं 'हर्क्युलिस' हे विमानवाहू जहाज भारतानं 1957 साली घेतलं. बेलफास्टला ते पुरं झालं आणि 4 मार्च 1961 रोजी 'विक्रांत' नावानं नौदलात दाखल झालं. चार बॉयलर, त्यांच्या वाफेवर फिरणारी टर्बाइनं. डेकवरून सी हॉक आणि अलिझे विमानं भिरकावणारं कॅटापल्टही वाफेवरच चाले. एवढ्याशा डेकवर विमानाला धावायला जागा नसते. म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोरात हाकायचं, समोरून वारा मिळवायचा आणि वाफेच्या धक्क्यानं विमान सोडायचं. वाफ कमी पडली की जहाजही मंदावतं आणि विमानंही अडतात.

नेमकं तेच झालं. जून 1970 मध्ये बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना आतून तडे गेलेले सापडले. वेल्डिंगनं भागणार नव्हतं. ड्रमला तडा म्हटलं की आमच्या धंद्यातला माणूस आधी भट्टी विझवतो, मग बोलतो. आतलं तापलेलं पाणी फुटून बाहेर आलं तर क्षणात वाफ होतं आणि माणूस उरत नाही. नवे ड्रम ब्रिटनकडे मागवले, पण ते यायचे होते आणि पूर्वेकडे युद्धाचं सावट दाटत होतं. मार्च 1971 मध्ये बॉयलर पुन्हा पेटवले. चाचण्यांनंतर दाब चारशे पौंडांवर बांधून घातला. पंचवीस नॉटच्या आसपास धावणारं जहाज चौदावर आलं.

सर्टिफिकेट देणाऱ्या बॉयलर निरीक्षकानं अशा बॉयलरवर सही केली असती का? मी तर केली नसती. नौदलानं मात्र जहाज बंगालच्या उपसागरात नेलं. 4 डिसेंबर 1971 रोजी कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या विक्रांतवरून सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर, मग चितगावच्या बंदरावर हल्ले चढवले. पूर्वेकडचा समुद्रमार्ग पाकिस्तानला बंद झाला. स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळालं. खाली बॉयलर रूममध्ये काचेतली पाण्याची पातळी आणि दाबाचा काटा बघत बसलेल्यांची नावं मला कुठल्या पुस्तकात सापडली नाहीत.

पुढे सी हॅरिअर विमान आलं. त्याला कॅटापल्ट नको, डेकच्या टोकाला चढ पुरे. म्हणून तो बांधला आणि कॅटापल्ट काढून टाकलं. 31 जानेवारी 1997 ला विक्रांत निवृत्त झालं. रशियाकडून घेतलेल्या 'विक्रमादित्य'नं 2012 च्या चाचण्यांत पुन्हा बॉयलरचीच रड लावली, भट्टीच्या विटांच्या अस्तरानं दगा दिला. 2022 साली कोचीत दाखल झालेल्या नव्या विक्रांतला चार गॅस टर्बाइनं आहेत, ती चालवायला वाफ लागत नाही.

जुनं विक्रांत 2014 मध्ये भंगारात गेलं. त्याचं पोलाद वापरून बजाजनं 2016 साली मोटरसायकल काढली. अशी एखादी यवतमाळच्या दत्त चौकात उभी दिसली की मी टाकीकडे बघत राहतो: हे पोलाद डेकचं असेल, की ड्रमचं? मालकाला वाटतं, मला गाडी घ्यायची आहे.