वेशीवरचा फेरीवाला

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे नॉर्फोक नावाचा परगणा आहे. मुलूख सपाट, गव्हाची नि बार्लीची शेते, आणि लांबून दिसणारे चर्चांचे उंच मनोरे. तेथे स्वॉफम म्हणून एक बाजारपेठेचे गाव आहे. दर शनिवारी बाजार भरतो, आणि तो काही आजकालचा नव्हे, मध्ययुगापासूनचा. या बाजारपेठेजवळ एक उंच खांब रोवलेला आहे व त्याच्या माथ्यावर कोरीव लाकडाची, रंगविलेली अशी गावाची पाटी आहे.

गावाची पाटी म्हटले की नाव आणि मैलांचा आकडा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. येथे मात्र एक माणूस आहे. पाठीवर गाठोडे, बरोबर कुत्रा. ना राजा, ना सेनापती. दारोदार माल विकणारा साधा फेरीवाला! एवढ्या जुन्या गावाला आपल्या पाटीसाठी हाच का मिळाला, असे तुम्ही विचाराल. त्याची गोष्ट सांगतो.

जॉन चॅपमन असे या फेरीवाल्याचे नाव. त्याला एकदा स्वप्न पडले की, लंडनच्या पुलावर जाऊन उभा राहा, तुझे भले होईल. तेच स्वप्न पुनःपुन्हा पडू लागले, तेव्हा गडी निघाला. लंडन तेथून सुमारे शंभर मैल. कुत्र्याला संगे घेऊन पायीच गेला. त्या काळी लंडनच्या पुलावर घरे होती, दुकाने होती. माणसांची नुसती रीघ. बिचारा दिवसामागून दिवस उभा राहिला, पण काही घडेना. शेवटी एका दुकानदाराने विचारले, "काय रे बाबा, विकत नाहीस, मागत नाहीस, उभा कशाला?" याने स्वप्न सांगितले. दुकानदार पोट धरधरून हसला. म्हणाला, "स्वप्नांच्या नादी लागायचे तर मीही लागलो असतो. मला रोज स्वप्न पडते की स्वॉफम नावाच्या कुठल्याशा गावी एका फेरीवाल्याच्या घरामागे झाड आहे व त्याच्या मुळाशी धन पुरले आहे. म्हणून काय दुकान टाकून जाऊ?" आपला फेरीवाला काही बोलला नाही. मुकाट्याने घरी आला, झाडाखाली खणले, आणि मोहरांचा हंडा निघाला. हंड्याच्या झाकणावर लॅटिनमध्ये काही लिहिले होते. कुणा शहाण्याने वाचून दाखविले: याच्याखाली याहून मोठा आहे. पुन्हा खणले, दुसरा हंडा निघाला. त्या धनातून त्याने गावचे चर्च बांधावयास मोठी मदत केली.

गोष्ट झकास आहे. पण खरी किती?

शिक्षकबंधूंनी येथे थोडे थांबावे. हीच गोष्ट तेराव्या शतकातील फारसी कवी रूमी याच्या 'मसनवी'त आहे. तेथे माणूस बगदादचा आणि पूल नाही, कैरो शहर. अरबी कथांतही ती आहे. म्हणजे ही कथा स्वतःच मोठी फेरीवाली! देशोदेशी हिंडत कधीतरी ती नॉर्फोकात उतरली. मग सारेच खोटे म्हणावे काय? तसेही नाही. स्वॉफमच्या चर्चच्या दप्तरात जॉन चॅपमन हे नाव आहे. १४६२ साली तो चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक होता, आणि चर्चची उत्तरेकडची बाजू, आपल्याकडे जिला ओवरी म्हणू तशी, त्याच्या पैशाने उभी राहिली. माणूस खरा, दान खरे. धन कोठून आले तेवढे स्वप्नातले.

आता दोन्हींची गाठ कशी पडली? जुन्या इंग्रजीत 'चॅपमन' या शब्दाचा अर्थच मुळी व्यापारी, माल विकत फिरणारा. चर्चमध्ये लाकडात कोरलेला एक फेरीवाला आणि त्याचा कुत्रा आजही आहेत. दात्याच्या नावावरून चित्र करावयाचे, ही त्या काळची रीतच होती. चॅपमन मोठा सावकार असेल, पण चित्र मात्र गाठोडेवाल्याचे झाले. पुढे लोक ते चित्र पाहून विचारू लागले असतील की, फेरीवाल्याजवळ एवढा पैसा आला कोठून? उत्तर द्यायला ती फिरती कथा तयारच होती. अभ्यासकांचा तर्क असा आहे, व मला तो पटतो.

पाटी मात्र एवढी जुनी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी नॉर्फोकमधीलच सँडरिंगहॅम या राजघराण्याच्या जहागिरीतील खेड्यांत कोरीव पाट्या लागल्या. मोटारी वाढल्या होत्या. येणाऱ्याला गाव कळावे हा एक हेतू. १९२० साली ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचा राजा सहावा जॉर्ज, याने भाषणात या कल्पनेची भलामण केली, आणि 'डेली मेल' पत्राने गावपाट्यांची स्पर्धाच लावली. स्वॉफमची पाटी १९२९ सालची. ती कोरली तेथल्याच शाळेतील कलाशिक्षक हॅरी कार्टर यांनी. शिक्षकांनो, या गृहस्थांनी आयुष्यात दोनशेहून अधिक पाट्या कोरल्या! इजिप्तमध्ये १९२२ साली तुतानखामेनची कबर शोधून जगभर गाजलेले हॉवर्ड कार्टर हे त्यांच्या नात्यातले, आणि त्यांचे बालपणही बरेचसे स्वॉफमलाच गेलेले. एवढी ताजी कीर्ती हाताशी असताना पाटीवर चढला तो पंधराव्या शतकातला गाठोडेवाला. मला हे फार आवडते.

केंट परगण्यातील बिडेंडन गावाच्या पाटीवर दोन बहिणी आहेत, जन्मतः एकमेकींना चिकटलेल्या. त्यांनी वीस एकर जमीन गावाला ठेवली व तिच्या खंडातून ईस्टरला गरिबांना पाव व चीज वाटले जाऊ लागले, अशी तेथली परंपरा. त्यांचा जन्म ११०० सालचा म्हणतात. सालाबद्दल वाद आहे. वाटप मात्र शेकडो वर्षे झाले.

या पाट्यांवर एकदा मोठे विचित्र संकट आले. १९४० साली फ्रान्स पडला, आणि जर्मन सैनिक आता छत्रीने इंग्लंडात उतरणार, अशी धास्ती पसरली. उतरलेल्या शत्रूला आपण कोठे आहोत हे कळू नये म्हणून सरकारने हुकूम काढला: वाटा दाखविणारे खांब उपटा, मैलाचे दगड काढा, स्टेशनांवरची नावे पुसा. दुकानांच्या फळ्यांवरील गावांची नावेसुद्धा रंग फासून झाकली. पाहुण्याला गाव कळावे म्हणून लावलेली नावे आता त्याला कळू नयेत म्हणून निघाली. परगावचा मनुष्य वाट चुकला तर विचारणार कोणाला? आणि विचारले तर ज्याला विचारावे तो त्याच्याकडेच संशयाने पाही.

युद्ध संपल्यावर नावे परत आली. १९५३ च्या राज्याभिषेकाला, पुढे २००० साली, आणखी कितीतरी गावांनी नव्या पाट्या उभारल्या. कोठे पैसे महिला मंडळांनी जमविले. नॉर्फोकच्या सपाट रानांत युद्धकाळी विमानतळ झाले होते, तेथून अमेरिकन वैमानिक जर्मनीवर जात आणि पुष्कळसे परत येत नसत. त्या बाजूच्या काही पाट्यांवर आता नांगर, पवनचक्की आणि मेंढरे यांच्या जोडीला एक बाँबफेकी विमानही कोरलेले दिसते.