दुनळी बंदुकीवरचे न दिसणारे कवच

लंडनच्या पर्डीसारख्या पेढ्यांच्या दुनळी बंदुकांवर गुलाब आणि वेलबुट्टी कोरली जाई. मग तो पोलादी भाग हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवत. पृष्ठभाग कठीण होई आणि त्यावर निळे, तपकिरी, राखाडी रंग उमटत. हे रंग म्हणजे अतिशय पातळ थर. घर्षणाने, उन्हाने विरणारा. म्हणून वर पारदर्शक लॅकरचा हात दिला जाई. तळहात टेकतो तिथे तो आधी झिजे. त्यामुळे जुन्या बंदुकीचे मूळ रंग बहुधा खाचाखोचांतच सापडतात. मालकाने चकाकीसाठी घासले, की नक्षीही बोथट होई, आणि ती पुन्हा कोरणे म्हणजे मूळ कारागिराचा हात पुसणेच! विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत संग्रहवस्तूंसाठी सूक्ष्मस्फटिकी मेण सिद्ध झाले. लॅकरइतके ते टिकत नाही. परंतु कोरीवकामाला धक्का न लावता काढता येते.