पदवीच्या वयातील संशोधन

सन १९२८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला आले असता प्रेसिडेन्सी कॉलेजचा एक विद्यार्थी त्यांना भेटावयास गेला. त्याने आजवर अभ्यासलेले अणूविषयीचे ज्ञान नव्या पुंजयामिकीमुळे कालबाह्य झाल्याचे सोमरफेल्ड यांनी त्याला सांगितले आणि धातूंमधील इलेक्ट्रॉनांविषयीच्या आपल्या अप्रकाशित लेखाची मुद्रिते वाचावयास दिली. पुढच्याच वर्षी या विद्यार्थ्याचा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा त्याची पदवीही पूर्ण झाली नव्हती. हा विद्यार्थी म्हणजे १९८३ सालचे नोबेल मानकरी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर.

अशी प्रतिभा विरळाच. मात्र प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्या ज्येष्ठाचा सहवास पदवीच्या वयात लाभणे, ही गोष्ट योगायोगावर सोडण्याचे कारण नाही. या विचाराला व्यवस्थेचे रूप मिळाले ते अमेरिकेत. झटपट छायाचित्रणाचे जनक एडविन लँड यांनी १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील (एमआयटी) भाषणात ही कल्पना मांडली. १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकार यांनी तेथे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला. प्राध्यापकांच्या चालू प्रकल्पात सहभागी होणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात मानधन किंवा श्रेयांक मिळू शकतात. १९८७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननेही उन्हाळी सुट्टीतील अशा संशोधनाला अनुदान देण्यास प्रारंभ केला.

जर्नल आणि नोंदवही

महाविद्यालयातील प्रात्यक्षिक आणि संशोधन यांत मूलभूत फरक आहे. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ च्या आसपास यावयास हवे, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे निरीक्षणे उत्तराकडे वळवण्याचा मोह होतो आणि जर्नलवर सही मिळाली की विषय संपतो. संशोधनात उत्तर मार्गदर्शकालाही माहीत नसते. तेथे उपकरण तपासून घेणे, तोच प्रयोग पुनःपुन्हा करणे, फसलेल्या प्रयोगाचीही तारखेनिशी नोंद ठेवणे आणि त्रुटी किती असू शकते हे प्रामाणिकपणे लिहिणे यांतच पहिले कित्येक आठवडे जातात. विद्यार्थ्याच्या हाती लागणारे खरे शिक्षण हेच होय. शोधनिबंध प्रसिद्ध होणे ही नंतरची गोष्ट.

भारतातील दरी

मुंबई, कोलकाता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. परीक्षा घेणे व पदव्या देणे हे त्यांचे आरंभीचे काम. अध्यापन महाविद्यालयांत होई. पुढे विद्यापीठांत संशोधन रुजले, तरी ते प्रामुख्याने पदव्युत्तर विभागांपुरते राहिले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५) आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०) यांसारख्या संस्था तर विद्यापीठांबाहेरच उभ्या राहिल्या. परिणामी पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी एकीकडे आणि सुसज्ज प्रयोगशाळा दुसरीकडे, अशी विभागणी झाली.

ती सांधण्याचे काही प्रयत्न झाले. मुंबईतील मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीतून विद्यार्थ्यांना दोन महिने संशोधकांच्या हाताखाली काम करता येते. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेतील ८० हजार रुपयांच्या वार्षिक शिष्यवृत्तीत २० हजार रुपये उन्हाळी प्रकल्पासाठीच ठेवण्यात आले. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये याच योजनेत विलीन झाली. पुणे व कोलकाता येथे २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयसर’ संस्थांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातील अखेरचे वर्ष संशोधनाला दिले. परंतु या साऱ्यांचा लाभ निवडक विद्यार्थ्यांनाच मिळतो.

चौथे वर्ष

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे हा प्रश्न सामान्य महाविद्यालयाच्या दारी आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. तीत १२ श्रेयांकांचा प्रबंध असतो. महाराष्ट्रात ही रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३ पासून, तर इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४ पासून लागू झाली.

कसोटी आहे ती प्रबंधाच्या दर्जाची. तासिकांच्या ओझ्याखाली असलेल्या प्राध्यापकाकडे मार्गदर्शनासाठी वेळ नसेल, तर प्रबंध हे नव्या नावाचे जर्नलच ठरेल. विद्यार्थ्याला विनामोबदला मदतनीस म्हणून राबवून घेण्याचा धोकाही आहेच. मार्गदर्शकाशी दर आठवड्याला चर्चा, आवाक्यातील पण उत्तर अज्ञात असलेला प्रश्न आणि केलेल्या कामाचे नावानिशी श्रेय या गोष्टींना महागडी उपकरणे लागत नाहीत. नदीच्या पाण्याची वर्षभर केलेली काटेकोर तपासणी किंवा आवारातील फुलपाखरांची नियमित नोंद यांतूनही खरे संशोधन उभे राहू शकते. अशा कामाला वेळापत्रकात जागा देण्याची जबाबदारी आता महाविद्यालयांची आहे.